दुसरी वेलांटी

पुस्तक तीनशे बारा पानांचं होतं आणि हातात बेचाळीस दिवस होते. दूरदूरच्या वस्त्यांवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकांसाठी औषधांच्या मात्रांची पुस्तिका. किती वजनाच्या मुलाला कुठलं औषध किती द्यायचं, याचे तक्ते. जुन्या आवृत्तीत नऊ चुका निघाल्या होत्या आणि त्यातली एक दशांश चिन्हाची होती. ते चिन्ह एक घर सरकलं की मात्रा दसपट होते. एका सेविकेला आकडा खटकला, तिने बाटली खाली ठेवली आणि फोन केला, म्हणून त्या चुकीची नुसती चूकच राहिली. नवी आवृत्ती बिनचूक करून द्यायचं काम आमच्याकडे आलं.

हे मी माझ्या रोजच्या वहीवरून लिहिते आहे. बावीस वर्षं एका दैनिकाच्या बातम्यांच्या टेबलावर काढली. तिथून बाहेर पडले तरी दिवसाची नोंद दिवस मावळायच्या आत करायची सवय सुटली नाही. जे वहीत आहे तेच इथे आहे. जे वहीत नाही, त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही.

कचेरी पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांची. खाली चष्म्याचं दुकान. तिथलं भिंगं घासायचं यंत्र चालू झालं की आमची फरशी तळपायाला गुणगुणल्यासारखी लागायची. आत तीन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि तापलेल्या प्रिंटरचा वास. आम्ही तिघं. मास्तर मुद्रितं तपासायचे. तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले, विधुर, घरी एक मांजर. मांडणी करणारीला आम्ही धाकटी म्हणायचो, कारण ती माझ्याहून बावीस वर्षांनी लहान होती. तिला पहिलीतली मुलगी होती. तिसरी मी. माझ्या टेबलावर मातीचा एक वाकडातिकडा पेनांचा डबा आहे, कुणा लहान मुलाने थापलेला. टेबल जुन्या बाजारातून घेतलं, त्याच्याबरोबरच आला असावा.

घरी मी आणि नवरा. आम्ही एका वर्गातले, त्यामुळे आजवर एकमेकांना 'तू'च म्हणत आलो. तो घरं आखायचा, आता घरीच असतो. दोन वर्षांपूर्वी त्याला न्हाणीत भोवळ आली. हृदयाचे ठोके मधूनच मंदावतात असं निघालं. तेव्हापासून रोज साडेबाराला त्याने मला फोन करायचा, असं ठरलं. मी त्याला तार कशी लिहायची ते शिकवलं होतं, म्हणून फोनवर तीनच वाक्यं असतात: "जेवलो. गोळी घेतली. जिवंत आहे." मी "नोंद घेतली" म्हणते आणि आम्ही फोन ठेवतो.

पहिल्या पाच दिवसांतच आमची दाणादाण उडाली. काम जास्त होतं म्हणून नाही. काम काय, उपसलं की संपतं. काळजी मात्र वेळ-काळ न बघता यायची. मास्तर एक पान तपासून ठेवायचे, दोन पानं पुढे जायचे आणि एकदम उठून मागचं पान शोधायला लागायचे. धाकटीची डावी पापणी फडफडायला लागली. तक्ता आखता आखता तिचा हात थांबायचा, आणि बघावं तर ती मुलीच्या शाळेला फोन लावत असायची. मला दात घासताना, जिना चढताना, भाजी चिरताना डोळ्यांसमोर एक टिंब दिसायचं. एक घर इकडे की तिकडे, ते कळायचं नाही.

सहाव्या दिवशी मी बातम्यांच्या टेबलावरची एक जुनी रीत काढली. तिथे एक उभा खिळा असायचा. अंक छपाईला जायच्या गडबडीत मनात शंका आली की ती कागदाच्या कपट्यावर लिहायची, खिळ्यात खोचायची आणि हातातली ओळ पुरी करायची. ठरल्या वेळी सगळे कपटे काढून बघायचे. काळजीला वेळ नेमून दिली की उरलेला दिवस ती शहाण्यासारखी वागते.

आमच्याकडे खिळा नव्हता. पण माळ्यावर एक पत्र्याची करडी पेटी पडली होती, वर फट, पुढे कुलूप, किल्लीसकट. आमच्याआधी तिथे कोण होतं ते घरमालकालाही धड सांगता आलं नाही. पेटी आतून स्वच्छ होती. धाकटीने एक कान फोनला लावून पेटीचं नाव ठळक अक्षरांत छापून दिलं, मास्तरांनी नजर टाकून मान हलवली, मी पट्टी चिकटवली. नियम असा: काळजी आली की चिठ्ठीवर लिहायची, पेटीत टाकायची, शेजारच्या कागदावर एक रेघ मारायची आणि कामाला लागायचं. चार वाजता पेटी उघडायची. जिच्यावर काही करता येईल ती चिठ्ठी कामाच्या गठ्ठ्यात, बाकीच्या टोपलीत. रेघ आणि चिठ्ठी दोन्ही आपापल्या शाईने. मास्तरांची लाल, धाकटीची निळी, माझी हिरवी. किल्ली माझ्या गळ्यात.

"म्हणजे काळजीलाही हजेरी लावायची," मास्तर म्हणाले. "माझ्या मांजराला सांगायला हवं. ते माझ्याबद्दल फार लिहील."

रीत लागू पडली. दोनच दिवसांत धाकटीची पापणी थांबली.

आठव्या दिवसाची नोंद: 'रेघा अकरा. चिठ्ठ्या नऊ. हिरव्या रेघा तीन, हिरवी चिठ्ठी एक.'

मी दोघांना विचारलं. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मग मी स्वतःला विचारलं. सकाळपासून मी तीनदा उठून पेटीपर्यंत गेले होते, हे आठवत होतं. एकदा कागदाच्या जाडीबद्दल लिहिलं होतं, ती चिठ्ठी समोर होती. बाकी दोनदा काय लिहिलं, ते काही केल्या आठवेना. "डोक्यातनं गेलं ते बरंच झालं की ताई, त्यासाठीच तर पेटी आणली," धाकटी म्हणाली. ते पटण्यासारखं होतं. मी आकडे वहीत उतरवले आणि पुढच्या पानाकडे वळले.

नवव्या दिवशी एक चिठ्ठी कमी. दहाव्या दिवशी तीन. अकराव्या दिवशी एक, निळी. त्या निळ्या चिठ्ठीचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं, कारण ती लिहिली जाताना मी धाकटीच्या मागेच उभी होते. 'काल रात्रभर कान दुखतोय म्हणत होती, तरी मी तिला शाळेत ढकललं.' मी डोळ्यांनी वाचलं होतं. चार वाजता ती चिठ्ठी नव्हती. मी तिला मुलीच्या कानाचं विचारलं. ती जरा आठवल्यासारखं करून म्हणाली, "कान? बरा असेल."

तीही नोंद माझ्या वहीत आहे, वेळेसकट. तिच्याखाली काही लिहिलेलं नाही.

ते दिवस फार सुखाचे गेले. खोली शांत झाली. कुणी मधेच उठेना, कुणी मागचं पान शोधेना. रोजच्या आठ पानांवरून आम्ही चौदावर गेलो. रेघा कमी झाल्या. मास्तरांच्या मुद्रितांवर लाल शाई जवळजवळ दिसेनाशी झाली, तेव्हा मी त्यांना म्हटलं की धाकटीचा हात बसला. तेही म्हणाले, हात बसला. दुपारी फोन वाजायचा, कुणी ना कुणी उचलायचं, मला द्यायचं. मी बोलत असे. काय बोलत असे ते वहीत नाही.

एकोणिसाव्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी धाकटीला फोन आला. तिने ऐकला, "बरं" म्हणाली, ठेवला आणि तक्ता परत उघडला.

"कुणाचा?" मी विचारलं.

"शाळेचा. साडेबाराला सुटली. मुलगी फाटकाशी उभी आहे म्हणे."

"मग?"

"नेईल कुणीतरी."

छत्री विसरलेल्याला कुणीतरी छत्री देईल, असं आपण म्हणतो, त्या सुरात. मी ऐकलं आणि मला त्यात वावगं वाटलं नाही. मास्तर उठले ते सुद्धा त्यांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता म्हणून. "खाली चाललोच आहे. शाळा चार दुकानं पुढे आहे. येताना घेऊन येतो," म्हणाले. येताना पाव आणावा, तसं.

मुलगी आली. दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली, एका कानात कापूस. तिने आईच्या खुर्चीला हात लावला आणि म्हणाली, "आई, कान."

धाकटीने मान वर केली. हसली. पाहुण्यांच्या मुलांकडे बघून हसतात, तसं. "पाणी हवंय का तुला?" तिने विचारलं.

मुलगी काही क्षण तिच्याकडे बघत राहिली. मग तिने खुर्चीवरचा हात काढून घेतला. सहा वर्षांचं मूल इतक्या लवकर हाक मारायचं थांबवत नाही.

ती भिंतीपाशी जाऊन बसली. कंटाळा आल्यावर दिसेल ते वाचायला लागली. नुकती वाचायला लागलेली मुलं वाचतात तसं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. दारावरचं 'बाहेर'. बटणांवरचं 'पंखा'. खाली यंत्र बंद होतं, त्यामुळे तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. फिरत फिरत ती पेटीपाशी आली.

"का. ळी. ज. काळीज. पे. टी." मग मास्तरांकडे वळून, "आजोबा, काळीज म्हणजे काय?"

"काळजी, बाळ," मास्तर मान वर न करता म्हणाले. "काळजी पेटी."

"नाही. वेलांटी ळ ला आहे. दुसरी वेलांटी. आमच्या बाईंनी कालच शिकवली."

मास्तर थांबले. उठून पेटीपाशी गेले. चष्मा काढून पुसला, परत लावला. 

"बाई, इकडे या," ते मला म्हणाले.

मी बघितलं. वेलांटी ज वरून घसरून ळ वर बसली होती. 'काळीज पेटी.' एवढी मोठी ठळक अक्षरं. चौदा दिवस आम्ही तिघं त्या पट्टीखाली चिठ्ठ्या टाकत होतो, आणि आमचा तिघांचा धंदा वेलांट्या पकडण्याचा.

"घसरली बोटाखाली. त्यात काय?" धाकटी जागेवरून म्हणाली.

"त्यात काही नाही," मास्तर म्हणाले. "आपण अर्थ वाचत होतो. ती अक्षरं वाचते." मग, माझ्याकडे न बघता, "पेटीला काय कळणार बाई, आपल्या मनात काय होतं? तिच्यावर जे लिहिलं, तेच तिने..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. व्याकरणाच्या माणसाने अर्धं सोडलेलं ते एकच वाक्य माझ्या वहीत आहे.

त्यांनी लाल पेन घेतलं. वेलांटीभोवती गोल केला, बाण ओढून ती ज वर नेली आणि समासात सही करून वेळ घातली: तीन वाजून पाच मिनिटं.

त्या क्षणी काहीही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहिते. पंखा कुरकुरत होता. खालचं यंत्र सुरू झालं, फरशी गुणगुणायला लागली.

चार वाजता मी कुलूप काढून पेटी उपडी केली. त्या दिवशीच्या रेघा तीन होत्या. चिठ्ठ्या वीस निघाल्या.

त्या कोमट होत्या. अंगावरच्या खिशात ठेवलेला कागद काढावा, तशा.

आम्ही शाईच्या रंगावरून आपापल्या वाटून घेतल्या.  धाकटीने वरचीच निळी चिठ्ठी उलगडली, ओठ हलवत वाचली. मग खुर्ची मागे सारून ती फरशीवर, भिंतीला टेकलेल्या मुलीसमोर जाऊन बसली आणि तिच्या कापूस घातलेल्या कानावर तळहात ठेवला. नुसता ठेवला. मुलीने सावधपणे विचारलं, "आई?" धाकटीने मान डोलावली. तिची डावी पापणी फडफडत होती. ती फडफड बघून मला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

मास्तरांच्या हातात एक लाल चिठ्ठी होती. 'पृ. १८७, तक्ता दुसरा. दशांश?' एवढंच. ते गठ्ठा उपसायला लागले होते.

माझ्या चिठ्ठीवर होतं: 'बारा चाळीस झाले. फोन नाही. न्हाणीची फरशी ओली असेल तर?'

मी फोन लावला. दुसऱ्या घंटेला त्याने उचलला.

"जेवलो. गोळी घेतली. जिवंत आहे," तो म्हणाला. मग थांबून, "आज तू केलास?"

 "नोंद घेतली" एवढं कसंबसं म्हटलं.

"हां," तो म्हणाला. "हा आवाज ओळखीचा आहे."

त्या संध्याकाळी मी त्याला सगळं विचारलं, तारीखवार. पहिल्या दिवशीचा जरासा उशीर सोडला, तर तो रोज साडेबाराला फोन करत होता. मी रोज शांतपणे ऐकून "कळवल्याबद्दल आभारी आहे" म्हणत होते. घरी त्याने वाढलेलं जेवत होते, ताट उचलून ठेवत होते. "आणि बारा दिवस मला 'तुम्ही' म्हणत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, चला, या वयात का होईना, बायको मान द्यायला लागली."

"विचारलं का नाहीस मला?"

"तुझं काम चालू होतं. म्हटलं, आधी पुस्तक छपाईला जाऊ दे." तो माझा हात हातात घेऊन बसला होता. त्याचा अंगठा माझ्या मनगटावर होता, ठोके मोजल्यासारखा. ठोके त्याचे मोजायचे असतात, माझे नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या बारा दिवसांतली पानं पहिल्यापासून वाचली. बिनचूक म्हणून आम्ही सोडलेल्या पानांत एक्केचाळीस चुका निघाल्या. पृष्ठ १८७ वर अडीचचे पंचवीस झाले होते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या ओळीत. मास्तरांची त्यावर शुद्ध, स्पष्ट सही होती. त्यांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुणाच्या तरी नातवाला गेलं असतं."

पेटी आम्ही परत वापरली नाही. चिठ्ठ्या मात्र लिहीत राहिलो. त्या टेबलाच्या मधोमध एका उघड्या ताटलीत ठेवायचो, सगळ्यांना दिसतील अशा. चार वाजता तिघं खुर्च्या ओढून बसायचो आणि एकमेकांच्या काळज्या वाचायचो. काहींवर करण्यासारखं काही नसायचं. तरी टोपलीत टाकायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी ती चिठ्ठी एकदा हातात धरायची, असा नवा नियम धाकटीने केला. मुलीचा कान बरा झाला ही बातमी आमच्या ताटलीत तीन शायांत लिहिलेली सापडेल. मास्तरांना खोकला झाला तेव्हा मांजराच्या नावानेही एक चिठ्ठी निघाली, निळ्या शाईत.

पुस्तक बेचाळिसाव्या दिवशी दुपारी छपाईला गेलं. आजवर त्यात चूक निघालेली नाही.

रेघांचा कागद मी जपून ठेवला होता. पुस्तक गेल्यावर, सवयीने, मी ताळा जुळवायला बसले.

त्या बारा दिवसांत नाहीशा झालेल्या चिठ्ठ्या: अठरा. परत आलेल्या: सतरा.

मी तीनदा मोजलं. लाल जुळल्या. निळ्या जुळल्या. हिरव्यांत एक कमी. आठव्या दिवसाच्या तीन हिरव्या रेघांपैकी शेवटची.

पेटी उलटी करून ठोकली. खालच्या दुकानातून बारीक पेचकस आणून तिचा तळ काढला. आत काही नव्हतं.

मास्तरांना दाखवलं. त्यांनी पट्टीकडे बघितलं. "दुरुस्ती पुढच्या प्रतींना लागते, बाई," ते हलकेच म्हणाले. "आधी छापून गेलेली प्रत परत बोलावता येत नाही."

मी माझ्या माणसांची यादी केली. नवरा, धाकटा भाऊ, त्याची बायको, दोन मावश्या, मास्तर, धाकटी, तिची मुलगी. एकेकाचं नाव वाचून थांबले. प्रत्येकाची काही ना काही काळजी निघाली. सगळे जागच्या जागी होते. काय हरवलं ते मला सापडलं नाही.

नवऱ्याला चिठ्ठीचं सांगितलं. त्याने विचारलं, "कोणाबद्दल होती, काहीच आठवत नाही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "जेव."

पुढच्या आठवड्यात तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी सगळं तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, विश्रांती सांगितली.

धाकटीची मुलगी आता सुट्टीच्या दिवशी कचेरीत येते. भरभर वाचते, पण अजून बोट ठेवूनच. परवा तिने माझ्या टेबलावरची पेनं काढून मातीचा डबा उलटा केला.

"हे कुणी केलं?"

"माहीत नाही गं. टेबलाबरोबर आला."

"खाली लिहिलंय. खिळ्याने." तिने बोट ठेवलं. "आ. ई. ला. आईला."

"कुणीतरी आपल्या आईला केला असेल," मी म्हटलं आणि पेनं परत त्यात ठेवली. धाकटी आणि मास्तर दोघंही माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी चारच्या ताटलीत एक निळी आणि एक लाल चिठ्ठी होती. दोन्हींवर फक्त 'ताई' आणि 'बाई' लिहिलेलं होतं, पुढे काही नाही. त्या मी बराच वेळ हातात धरल्या.

रविवारी सकाळी नऊला आमच्या घरचा फोन वाजतो. लांबचा असावा, नवरा मोठ्याने बोलायला लागतो आणि मग माझ्याकडे बघून खिडकीशी जातो. तरी ऐकू येतं.

"हो, आई बरी आहे," तो म्हणतो. "नाही, अजून नाही. तू जेवलास का? ये तू. जमेल तेव्हा ये."

त्याच्या आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली. माझ्या आईला अकरा.

बातमीत असं वाक्य आलं असतं, तर मी समासात हिरवं प्रश्नचिन्ह काढून विचारलं असतं: कोणाची आई?

मी मटार सोलत असते. तो फोन ठेवून येतो, समोर बसतो आणि माझ्या ढिगातल्या अर्ध्या शेंगा आपल्याकडे ओढून घेतो. मी काही विचारत नाही. मला काळजी वाटत नाही.